मच्छीस्वामी

काशिनाथ मठपतीनं जन्मात कधी मासा तोंडात घातला नव्हता. मी मात्र हळ्ळीखेडच्या शेतकऱ्याच्या घरात, पावसाळ्यात ओढ्याला चढलेले मासे तिखट रश्शात खाऊन वाढलेला. बिदरच्या मत्स्य खात्याच्या दफ्तरात आम्ही दोघं एकाच सुमारास, एकाच हुद्द्यावर लागलो. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, दफ्तरातली उर्दू मात्र अजून जागच्या जागी होती. दोघंही हैदराबादला एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेले. नदीचं काम कुणाला जमेल असं कुणी विचारलं असतं, तर शिपायानंसुद्धा माझ्याकडं बोट दाखवलं असतं. पहिल्याच वर्षात ते बोट फिरलं. तेव्हापासून मी मठपतीचा हेवा करत आलो. आता वय झालं, केस गेले, दात गेले. हेवा काही गेला नाही.

तो उदगीरकडचा जंगम. उंच, काटकुळा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग ठेवायची चांदीची डबी, करडगी. अंगाला कायम दोन वास यायचे, एक विभूतीचा आणि दुसरा शेवाळाचा. नौबादला एका म्हाताऱ्या अक्काच्या घरात त्यानं खोली घेतली होती. अक्का सोवळ्याची कडक. नदीवरून आला की अंगणातच त्याच्या डोक्यावर घागरी ओतायची आणि मगच उंबरा ओलांडू द्यायची. हा मुकाट बसून घ्यायचा आणि नाकातोंडात पाणी जात असताना तिला कानडीत माशांच्या गोष्टी सांगायचा. पुढं पुढं अक्काच विचारायला लागली, "आज कोण भेटलं रे डोहात?"

नदीत उतरण्याआधी तो भांग पाडायचा. शिवलेल्या बंडीच्या खिशात शिंगाचा एक फणा असे. धोतर गुडघ्यावर खोचायचं, फणा काढायचा, पाण्यात बघून केस बसवायचे आणि मग पाय टाकायचा. मी एकदा हसलो तर म्हणाला, "अवतार करून कुणाच्या घरी जायलास का तू?"

त्याला दोष नव्हते असं नाही. दुसऱ्याच्या छत्र्या घेऊन जायचा आणि नदीकाठी विसरून यायचा. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा, आणि समोरचा ताटकळत राहायचा. दफ्तरात वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. आमचे साहेब जुन्या वळणाचे हैदराबादी. ते चिडायचे, "मठपती, ये दफ्तर है, नदी का घाट नै!" हा तोंडभर हसून म्हणायचा, "साब, घाट पे तो मैं वक्त पे था." साहेब पानदान पुढं सरकवायचे. मी रोज वेळेवर यायचो. माझ्यापुढं ते पानदान कधी सरकलं नाही.

कारंजा नदी मांजऱ्याला मिळते त्या संगमाजवळ भोयांची वस्ती होती. माझी तिथं अनेकदा खेप झालेली. जाळं कुठं टाकता, काय मिळतं, कधी मिळतं, असं मी विचारायचो आणि ते "बघू की सायब" म्हणून मान फिरवायचे. दफ्तरातला माणूस म्हणजे काहीतरी बंद करायला आलेला, असा त्यांचा हिशेब. मठपती गेला आणि काही न विचारता पाण्यात उतरून बसला. वस्तीतली यल्लक्का म्हणून एक थोराड बाई होती, तिचा शब्द तिथं चालायचा. तिनंच शेवटी न राहवून विचारलं.

"अय्या, तुमी खाणार न्हाई, इकणार न्हाई. मग मासा धरायलाव कामून?"

"कुठं जायलाय ते इचारायला."

"मग सांगितलं का त्यानं?"

"अजून न्हाई. मराठीत इचारलं. आता कानडीत इचारून बघतो."

सगळी वस्ती हसली. त्या दिवसापासून तो त्यांचा झाला. त्यांनी त्याला नाव दिलं मच्छीस्वामी. मला त्यांनी कधी नाव दिलं नाही. मी शेवटपर्यंत "ते दुसरे सायब" होतो.

पण विचारायला जायचा तो हे खरंच होतं. पूर आला की मासे उलटे, वरच्या अंगाला चढतात हे लहान पोरालाही ठाऊक. आमच्या खात्याचं मत असं की जवळच्या डोहातला मासा जवळच्याच ओढ्यात चढतो आणि पाणी उतरलं की माघारी फिरतो. मठपतीला ते पटत नव्हतं. तांबड्या परांचा एक मासा आमच्याकडं होतो, भोई त्याला तांबडा म्हणत. मठपतीचं म्हणणं, संगमाच्या मोठ्या डोहातला तांबडा कारंजेतून पार वरच्या ओढ्यांपर्यंत जातो, तिथल्या वाळूखड्यांत अंडी घालतो आणि मग खाली येतो. हे खरं असेल तर ते नुसतं पुस्तकात लिहायचं नव्हतं. कारंजेवर बंधारा घालायचं ठरलं होतं. खडी पडायला लागली होती. आडवी भिंत उभी राहिली की वरच्या ओढ्यांत अंडी पडणार नाहीत, आणि काही वर्षांत संगमाचा डोहही ओस पडेल. यल्लक्काची वस्ती त्या डोहावर जगत होती.

मासा कुठून निघाला आणि कुठं पोचला हे कळायला त्याच्यावर खूण पाहिजे. खात्याकडं तसलं सामान नव्हतं. मी वरच्या कचेरीकडं मागणी केली आणि वाट बघत बसलो. मठपती बिदरमध्ये बिदरी काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या पुढ्यात जाऊन बसला. काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकून वेलबुट्टी भरतात ते काम. तिथल्या तारेचे बारीक तुकडे त्यानं मागून आणले. तार कुजत नाही, टोचत नाही, पाण्यात चमकते. पाठीवरच्या पराच्या मुळाशी ती ओवायची. संगमाच्या माशाला दोन वळसे, वरच्या डोहांतल्या माशाला एक. ओवताना त्याचा हात इतका हलका असायचा की मासा फडफडायचाही नाही. मी ओवायला घेतला की पाणी माझ्या तोंडावर.

साहेब म्हणाले, "चांदी है मियाँ. जो पकडा वो रख लेता." झालं भलतंच. भोयांनी आपल्या मनानं ठरवून टाकलं की अय्यानं माशाला दीक्षा दिली. तारेचा मासा जाळ्यात आला की त्याला हात जोडून सोडायचे आणि कुठं सापडला ते निरोपानं कळवायचे. मठपतीला हे कळलं तेव्हा तो शरमला. मठातले काहीजण त्याला आधीच बोलले होते, जंगमाचं पोर माशांत हात घालतंय म्हणून. त्यांना त्यानं एवढंच सांगितलं होतं, "मला खायचा न्हाई, म्हणून तर मला नीट बघता येतंय." मी हे वाक्य ऐकलं तेव्हा त्या दुपारचा माझा माशाचा डबा समोर उघडा होता.

घरीसुद्धा त्यानं मला सोडलं नाही. माझ्या बायकोनं, कमलनं, त्याच्यासाठी एक वेगळं पातेलं ठेवलं होतं, कधी मासा न शिजलेलं. महिन्यातून एखाद वेळी तो जेवायला यायचा. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी, एवढ्यावर खूश. मी नदीवरून आलो की कमल आधी विचारायची, "स्वामी जेवले का?" मी जेवलो का, हे ताट वाढताना तिला दिसतच असे, हे खरं, तरी विचारायला काय झालं होतं?

एका उन्हाळ्याच्या अखेरीस संगमावर जे घडलं ते मी विसरू शकत नाही. पाणी आटून सगळे मासे मोठ्या डोहात गोळा झाले होते, पोटात अंडी घेऊन पुराची वाट बघत. बंधाऱ्यासाठी दगड फोडणाऱ्या टोळीचा मुकादम सुट्टीच्या दिवशी सुरुंगाची दारू घेऊन डोहावर आला. एक बार उडवला की मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात, टोपल्यांनी भरायचे. यल्लक्कानं त्याला हात जोडले, शिव्या दिल्या. तो ऐकेना. आम्ही दोघं तेव्हा वस्तीतच होतो. मी मुकादमाला खात्याचा हुकूम, कायदा वगैरे सांगायला लागलो. माझं भाषण चालू असताना मठपतीनं बंडी काढली, ती फण्यासकट माझ्या हातात दिली आणि तो डोहात शिरला. छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला.

मुकादम ओरडला, "ओ स्वामी! बाहर आव! उड जाते तुम!"

"उडवा की," हा तिथून म्हणाला. "ह्यांच्या पोटात अंडी हायती. ह्यांच्यासंगं मी पण जातो."

मुकादमाला वाटलं, थकेल आणि येईल. ऊन वर आलं. मग यल्लक्कानं लुगडं खोचलं आणि तीही शिरली. तिच्यामागं तिचा दीर, मग बाया, मग माणसं, शेवटी कुणीतरी म्हशीही सोडल्या. सगळा डोह माणसांनी आणि जनावरांनी भरून गेला. हसणं काय, पाणी उडवणं काय, जत्राच. मुकादम बराच वेळ बसून राहिला, मग दारूची पेटी उचलून शिव्या देत चालता झाला.

लोक बाहेर आले. मठपती मात्र तिथंच उभा. मला वाटलं, अजून काहीतरी दाखवायचं असेल. तेवढ्यात तो बारीक आवाजात म्हणाला, "बिरादार, हात दे रे. पायाखालची वाळू सरकायलीय, अन् मला पोहता येत न्हाई."

मी पट्टीचा पोहणारा. मी काठावर त्याची बंडी धरून उभा होतो.

त्याच पावसाळ्यात मी पेरणीच्या दिवसांत गावी गेलो होतो. ओढ्याला पूर येऊन गेला होता आणि आमच्या शेताकडेच्या चरात पाणी खेळत होतं. दुपारी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला हाक मारली. घंगाळात एक तांबडा फिरत होता, पोट टच्च फुगलेलं. आईनं मसाला वाटून ठेवला होता, पण दोघं घंगाळापुढं नुसतेच बसलेले.

"ह्याच्या पाठीत चांदी हाय," आप्पा म्हणाले. "तुमच्या स्वामीचा दिसायलाय."

मी हात घालून पाहिलं. तारेला दोन वळसे होते. म्हणजे संगमाचा मासा. सगळी कारंजा चढून, ओढा चढून, तो आमच्या शेताच्या चरात आला होता.

"म्हंजे हा तितक्या लांबनं आलाय?" आप्पांनी विचारलं. मी होय म्हणालो. ते उठले आणि ओढ्याच्या काठी जाऊन खालच्या अंगाला बघत राहिले. आप्पांनी आजवर मला कधी विचारलं नव्हतं की तू दफ्तरात करतोस तरी काय. त्या दिवशी त्यांना माझं काम कळलं, आणि ते काम मठपतीचं होतं.

मी मिळेल त्या मोटारीनं बिदरला गेलो आणि त्याला घेऊन आलो. तो थेट घंगाळापाशी आला, फणा काढला, भांग पाडला आणि मग वाकला. माशाला दोन्ही हातांवर घेऊन ओढ्यात गेला आणि तळहात पाण्याखाली उघडे धरून उभा राहिला, ती मादी आपण होऊन जाईपर्यंत. मग वर आला आणि मला मिठी मारली. त्याचे हात ओले, माझा सदरा ओला.

"तुझ्या गावात आली रे ती!" तो म्हणाला. "तुझ्या चरात! माझ्या गावाकडं नदी पण न्हाई धड. मला तर हेवा वाटायलाय तुझा, बिरादार."

इतक्या सहज बोलला. हेवा म्हणजे जणू गूळ, तोंडात टाकला आणि विरघळला. मी तोच इतकी वर्षं दाढेखाली धरून होतो.

पुढं बंधाऱ्याच्या जागेवर लिंबाखाली बैठक झाली. इंजिनिअर आले, आमचे साहेब आले, आसपासच्या गावांचे शेतकरी आले. मठपतीनं मागणी मांडली: भिंतीच्या एका टोकाला उताराची, पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवा, पुराचं थोडं पाणी तिच्यातून वाहू द्या, मासे चढतील. इंजिनिअर हसले. "मच्छी कू सीढी होना बोलते? और किसान का पानी?" प्रश्न खोटा नव्हता. शेतकऱ्यांत कुजबुज झाली. पाणी आमचं, आणि ते माशांसाठी सोडायचं? मंठाळकडचा एकजण तर उठून बोलला, "आमची ज्वारी वाळली तर तुमचा मासा येईल का पाणी घालायला?"

मठपतीनं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. त्याला सभेत बोलता येत नसे. तोंड कोरडं पडायचं, मध्येच गप्प व्हायचा. तसाच गप्प झाला. मला वाटलं, संपलं. तेव्हा मागून आप्पा उठले. माझ्या बापानं जन्मात सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"मी बघितलोय त्यो मासा," ते म्हणाले. "पोटात अंडी घेऊन माझ्या रानात आली हुती. आपली लेक बाळंतपणाला माहेरी येती, तिला आपण वेशीवर अडवताव का? माझ्या वाटणीचं थोडं पाणी जाऊ द्या खाली. मी तक्रार करणार न्हाई."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मंठाळकर खाली बसला. इंजिनिअरांनी बरीच काटछाट केली, वाट अरुंद केली, पण ठेवली. आप्पा घरी जाताना मठपतीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. मी त्यांच्या मागं, दोघांच्या वहाणा वाजताना ऐकत.

बंधारा पुरा झाला तो छप्पन साली. पण त्याच सुमारास हैदराबाद राज्य भाषेवरून फोडायचं ठरलं होतं, आणि दफ्तरांच्या वाटण्या लागल्या. मठपती उदगीरचा, म्हणजे मुंबई राज्यात जाणार. मी म्हैसूर राज्यात, जिथल्या तिथं. त्याला उन्हाळ्यातच हैदराबादला बोलावून घेतलं, कागदांच्या वाटणीच्या कामाला. नदीच्या माणसाला कागदांत बसवलं. पुराच्या वेळी तो तिथं अडकला आणि बंधाऱ्यावर खात्याकडून मी एकटा होतो, बाकी संगमावरून बघायला आलेले भोई.

पाणी आलं. पायऱ्यांवरून गढूळ फेस उड्या मारत खाली गेला. पहिल्या दिवशी एकही मासा दिसला नाही. मला त्या संध्याकाळी बरं वाटलं, हे मी लपवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लक्का ओरडली. पाण्यात काहीतरी तांबडं चमकलं, मागं ढकललं गेलं, पुन्हा आलं. एक पायरी. मग दुसरी. आणि मग सगळा फेसच जिवंत झाला. ते अंग वळवून, सगळा जीव शेपटीत आणून उसळी घेत होते. पडत होते, पुन्हा येत होते. भोयांच्या बाया काठावर हात जोडून उभ्या. मला रडू आलं. आणि रडता रडता मनात आलं: हे मी बघितलं, त्यानं नाही. हे माझं आहे.

तो शेवटचा भेटला दिवाळीच्या आसपास, बिदरच्या मोटार अड्ड्यावर. नव्या नोकरीवर, कोकणच्या किनाऱ्याकडं निघाला होता. हातात ट्रंक, बगलेत कुणाची तरी छत्री. मोटार सुटायला अवकाश होता. आम्ही चहा घेतला.

"बघितलास?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"सांग."

मी सांगितलं. पहिला दिवस कोरडा गेला तिथपासून यल्लक्का ओरडली तिथपर्यंत, सगळं. तो डोळे मिटून ऐकत होता. त्याचा हात मांडीवर वळत होता, डावीकडं, उजवीकडं, उसळी घेतल्यासारखा. चहावर साय धरली. माझं सांगून संपलं तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो आणि मला कळलं की त्याला आत्ता जे दिसतंय ते मला बंधाऱ्यावर उभं राहूनही दिसलं नव्हतं.

मोटारीनं भोंगा दिला. तो चढला. गाडी हलली तशी त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, वाऱ्यानं केस उडालेले, आणि ओरडला, "बिरादार! पहिली कुठल्या अंगानं चढली रे? भिंतीच्या का काठाच्या?"

मी तोंड उघडलं. मला आठवेना. मी ते बघितलंच नव्हतं. मोटार नौबादच्या रस्त्याला लागली, आणि तो अजून बाहेर वाकून माझ्याकडं बघत होता, कानाला हात लावून.

त्यानंतर तो मला भेटला नाही. पुढच्या पावसाळ्यात मी बंधाऱ्यावर गेलो ते तेवढंच बघायला. दिवसभर भिजत बसलो. काठाच्या अंगानं चढतात, जिथं पाणी जरा मऊ पडतं तिथून. दर वर्षी तिथूनच. मी वीसेक वर्षं बघितलं. एवढं एक मला ठाऊक आहे आणि त्याला नाही.